शॉनचा पत्ता

गेल्या हिवाळ्यात आमच्या आयरिश भाषेच्या संध्याकाळच्या वर्गात बाईंनी पत्रलेखनाचा कागद वाटला. डब्लिनमध्ये डिसेंबरात चार वाजल्यापासूनच अंधारून येते. वर्गाला येणारी माणसे दिवसभराचे काम उरकून, ओले कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून बसलेली असतात, आणि अशा वेळी कोणी आयती वाक्ये हातात दिली तर ती हवीच असतात. कागदावर सगळे जागच्या जागी होते. उजव्या कोपऱ्यात पत्ता, त्याखाली तारीख, मग 'अ ह्यॉन, अ खारा', म्हणजे 'मित्रा शॉन' असा मायना. त्यानंतर 'तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे', 'तुझ्या पत्राबद्दल हजार धन्यवाद', 'इतके दिवस लिहिले नाही याचे वाईट वाटते' ही तीन वाक्ये. मग मजकुरासाठी मोकळी जागा. आणि शेवटी 'आता थांबते, लवकर उत्तर लिही'. पहिली आणि शेवटची वाक्ये पाठ करा, मधले तुमच्या मनाने लिहा, असे बाईंनी सांगितले. माझ्या शेजारी बसणारी ब्राझीलची नर्स कागद खालपर्यंत वाचून गेली आणि तिने अगदी सरळ चेहऱ्याने विचारले, "हा शॉन राहतो कुठे?" सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "या देशातली शाळकरी मुले त्याला पिढ्यान् पिढ्या पत्रे लिहीत आली आहेत, त्याने अजून कोणाला उत्तर पाठवलेले नाही." त्यावर पुन्हा हशा झाला आणि आम्ही कामाला लागलो. पण ट्रॅममधून घरी जाताना मला तो प्रश्न काही सोडेना.

वास्तविक खोट्या माणसाला पत्र लिहिणे मला नवे नव्हते. शाळेत मराठीच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न असे, आणि बक्षीस मिळालेल्या मित्राचे अभिनंदन, सहलीला जाण्यासाठी वडिलांची परवानगी, धाकट्या भावाला व्यायामाचे महत्त्व हे विषय ठरलेले असत. खाली स्वतःचे नाव न घालता 'अ. ब. क.' अशी सही करायची, म्हणजे लिहिणाराही खोटा आणि वाचणाराही खोटा. तरीही त्या मायन्याचा आम्हांला कधी परकेपणा वाटला नाही, कारण घरी येणाऱ्या आजोबांच्या पोस्टकार्डावर तोच मायना असे. 'चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद', मग 'इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे', मग पावसापाण्याचे दोन शब्द, आणि जागा संपली की कार्ड आडवे धरून कडेच्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलेली खरी बातमी: विहिरीचा पंप बंद पडला आहे, काकूला दिवस गेले आहेत, सावंतांशी बोलणे सुटले आहे. ठरीव वाक्ये होती म्हणूनच ती कडेची पट्टी नजरेत भरत असे. शाळेतल्या 'अ. ब. क.'च्या मागे अशी कितीतरी पोस्टकार्डे उभी होती.

शॉनच्या मागे काय उभे आहे, हे मी शोधू लागले.

तेव्हा लक्षात आले की साध्या माणसांनी साध्या माणसांना आयरिशमध्ये लिहिलेली पत्रे फारशी नाहीतच. १८३१ साली सुरू झालेल्या नॅशनल स्कूल नावाच्या सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण इंग्रजीतून होते. घरी आयरिश बोलणारे मूल शाळेत अक्षरे शिकले ती इंग्रजीची. पुढे १८४५पासूनच्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिशभाषक गावांतून माणसे बोटी भरभरून अमेरिकेला गेली. बोस्टनमध्ये घरकाम करणारी मुलगी आईला पत्र लिही, पण ज्या भाषेत ती आईशी जन्मभर बोलली त्या भाषेत तिला लिहिता येत नसे. ती इंग्रजीत लिही. इकडे आईला इंग्रजी वाचता येत नसे, मग कोणी शाळा शिकलेला शेजारी किंवा मास्तर ते पत्र वाचून तिला आयरिशमध्ये समजावून सांगे. मुलीच्या मनातली आयरिश, कागदावरची इंग्रजी आणि शेजाऱ्याच्या तोंडची पुन्हा आयरिश, असा त्या मजकुराचा प्रवास होई, आणि वाटेत जे गळून पडले असेल त्याचा हिशेब कोणाकडेच नाही. विसाव्या शतकातही हे चालू होते. केरीच्या किनाऱ्यासमोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरची एव्हलीश नी हूलवॉन ही बाई लंडनच्या जॉर्ज चेंबर्सला १९३०च्या दशकापासून सुमारे वीस वर्षे पत्रे लिहीत होती. बेटावरचे वादळ, मासळी, लग्ने, मरणे, मुलीचे आजारपण, एकेक घर रिकामे होत जाणे, हे सगळे त्या पत्रांत आहे. पण ती पत्रे इंग्रजीत आहेत, कारण घेणाऱ्याला तीच भाषा येत होती. तिचे सासरे तोमॉस ओ क्रिहन हे तर आयरिश गद्यातले मोठे नाव. त्यांनासुद्धा आयरिश लिहायवाचायला शाळेने शिकवले नव्हते. मासळीच्या होडीतून किनाऱ्यावर आल्यावर वादळाने परतीची वाट बंद झाली की ते दून ख्वीन गावात अडकून पडत, आणि तिथल्या घरातल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकांवरून, संसारी झाल्यावर, ते ही अक्षरे शिकले. हे वाचले त्या दिवशी मला फार बरे वाटले. लिहिण्यापुरता तोही आमच्यासारखाच विद्यार्थी होता.

म्हणजे आमच्या कागदावरचा मायना पोस्टकार्डांतून झिरपत आलेला नाही. १८९३ साली आयरिश भाषेच्या प्रसारासाठी कोनरा ना गेल्गे ही संस्था स्थापन झाली, शहरातली कारकून आणि शिक्षक मंडळी रात्रीच्या वर्गांत ही भाषा शिकू लागली, आणि शिकणाऱ्यांसाठी जे साहित्य घडत गेले त्यात हा पत्राचा साचाही आला. त्या काळी आयरिशमध्ये पत्ता लिहिलेली पार्सले पोस्टाने घ्यावीत यासाठी संस्थेला मोहीम चालवावी लागली होती. आज पोस्टाच्या तिकिटावर देशाचे नावच 'एरे' असे आयरिशमध्ये छापलेले असते, आणि रस्त्याकडेच्या हिरव्या पत्रपेट्यांपैकी जुन्या पेट्यांवर व्हिक्टोरिया राणीची अक्षरे हिरव्या रंगाखालून अजून हाताला लागतात. स्वतंत्र झाल्यावर सरकारने त्या लाल पेट्या काढल्या नाहीत, रंगवल्या. मला हा व्यवहारीपणा आवडतो.

पत्र लिहायला बसल्यावर पहिली अडचण पहिल्याच ओळीत आली. 'कशी आहेस?' हे साधे वाक्य आयर्लंडच्या दक्षिणेत एका तऱ्हेने विचारतात, पश्चिमेत दुसऱ्या आणि उत्तरेत तिसऱ्या. 'कनस ता तू', 'कें ख्वी अ विल तू', 'गुजे मार ता तू' यांपैकी काहीही लिहिले तरी बरोबर, पण जे लिहाल तिथले तुम्ही ठरता. डब्लिनच्या उपनगरात राहणाऱ्या, पुण्यात वाढलेल्या बाईने यांतले कुठले घ्यावे? प्रमाण आयरिश आहे, पण ती १९५८ साली प्रसिद्ध झाली ती संसदेच्या अनुवाद विभागाच्या कामातून, कायदे आणि सरकारी कागद एकसारखे लिहिले जावेत म्हणून. त्या भाषेत अर्ज उत्तम लिहिता येतो. मैत्रिणीची चौकशी करायची वेळ आली की प्रमाणभाषा थोडी आखडते आणि कुठल्यातरी गावाची बोली उसनी आणावी लागते. शिकणाऱ्याला औपचारिक पत्र सोपे जाते ते यामुळे. तिथे सगळेच कोट घालून आलेले असतात. अनौपचारिक पत्रात आपण ज्या घरात वाढलो नाही त्या घरातल्यासारखे बोलावे लागते, आणि त्यासाठी कुठलाही छापील कागद पुरत नाही, कारण घरगुती भाषा कुठल्यातरी एका माणसाकडूनच घ्यावी लागते. हे मला बरेच नंतर कळले.

दुसरी अडचण खास मराठी माणसाची. या भाषेत आदरार्थी अनेकवचन नाही. समोर एक माणूस असेल तर तो 'तू'च, मग ते शेजारचे पोर असो की सत्तरीच्या आजीबाई. इंग्रजीत आपण ही अडचण सहज पार करतो, कारण तिथल्या सर्वनामात आपल्याला 'तुम्ही' ऐकू यायची सवय झालेली असते. आयरिशमध्ये मात्र तो शब्द उच्चारालाही 'तू' असाच आहे. वर्गात बाईंना प्रश्न विचारताना माझी जीभ सुरुवातीला अडखळत असे. पुढे मीच मनाची समजूत घातली की आपणही आईला 'तू' म्हणतो, आजीला म्हणतो, विठोबाला म्हणतो. हा देश सगळ्यांना त्याच रांगेत बसवतो, एवढेच.

आणि मग मायना. आयरिशमध्ये कोणाला हाक मारली की त्याच्या नावाचे पहिले व्यंजन मऊ होते. शॉनचा 'ह्यॉन', मॉरेची 'वॉरे', तोमॉसचा 'हॉमॉश'. आपल्याकडे हाक मारताना नावाचा शेवट बदलतो, मुलांनो, देवा; इथे सुरुवातच बदलते. हे व्याकरणाच्या पुस्तकात तक्त्याच्या रूपात असते तेव्हा कंटाळवाणे वाटते, पण कागदावर एखाद्याचे नाव लिहिताना हात क्षणभर थांबतो आणि हे नाव आता आपण हाकेसाठी वापरत आहोत याची जाणीव होते. शॉनच्या बाबतीत ती जाणीव फुकट जात होती. हाक मारायची आणि तिथे कोणी नाही.

म्हणून मी शॉनला सोडून दिले आणि मागच्या उन्हाळ्यात जिच्या घरी राहिले होते त्या बाईंना पत्र लिहायचे ठरवले. केरी परगण्यात अटलांटिकात घुसलेला कॉर्का ग्विने नावाचा भूभाग आहे. तिथले पश्चिम टोक गेल्टाख्त म्हणून ओळखले जाते, म्हणजे आयरिश ही रोजच्या व्यवहाराची भाषा मानलेला प्रदेश. शाळकरी मुले उन्हाळ्यात तिथे भाषा शिकायला जातात आणि गावातल्या घरांत उतरतात. आमच्यासारखे प्रौढ विद्यार्थीही जातात. घरधनिणीला 'बॅन अन टी' म्हणतात. माझ्या बॅन अन टी सत्तरीच्या पुढच्या, उंच, गुडघ्याने अधू, आणि बोलताना हातातले काम न थांबवणाऱ्या. नाश्त्याच्या टेबलावर त्या जे बोलत त्यातले निम्मे मला कळत नसे, पण त्या त्यासाठी वेग कमी करत नसत आणि इंग्रजीतही शिरत नसत. भाकरीसारखा जाड, खरपूस सोडा ब्रेड कापता कापता गायी, जावई आणि हवामान यांच्यावर त्यांचे भाष्य चाललेले असे, आणि खिडकीबाहेर, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, १९५३ साली शेवटची माणसे उठवून नेलेले ते ब्लास्केट बेट दिसत असे.

त्यांना लिहिलेल्या पत्रात मी कागदावरची तिन्ही वाक्ये घातली, प्रामाणिकपणे. प्रकृती उत्तम असेल अशी आशा केली. मग डब्लिनची थंडी, वर्ग, ऑफिस, पुण्याहून आलेल्या बहिणीला मी समुद्र दाखवायला नेले आणि ती गाडीतून उतरलीच नाही, असे लिहिले. पाकिटावर पत्ता आयरिशमध्ये घातला. खाली अक्षरे आणि आकडे मिळून सात चिन्हांचा पिनकोड टाकला. तो २०१५ साली आला आणि दोन्ही भाषांत सारखाच आहे, त्यामुळे पोस्टमनला बाकीचे वाचता आले नाही तरी चालते. हे थोडे मनाला लागतेच.

उत्तर आले ते रेघांच्या वहीतून फाडलेल्या कागदावर, निळ्या बॉलपेनने, दोन्ही बाजूंनी भरलेले. सुरुवातीला माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर एक टिंब होते. मला आधी तो शाईचा ठिपका वाटला, आणि मराठी डोळ्याला तर तो सरळ अनुस्वार वाटला. मग पुढच्या ओळींत तशीच टिंबे दिसू लागली तेव्हा उलगडा झाला. व्यंजन मऊ झाले हे दाखवण्यासाठी आज आयरिशमध्ये त्याच्यानंतर एच हे अक्षर लिहितात. जुन्या गेलिक वळणात त्या व्यंजनाच्या डोक्यावर टिंब देत. शाळांतून ते वळण १९६०च्या दशकात गेले. बाई त्याआधी अक्षरे गिरवायला शिकलेल्या, त्यामुळे वळण रोमन झाले तरी टिंब राहिले. परदेशी नावांना सहसा असे मऊ करत नाहीत, असे आमच्या वर्गात सांगितलेले होते. यांनी केले होते. त्यांच्या मायन्यात मी 'वेधा' झाले होते, आणि नावातल्या 'ध'वरही त्यांनी आपल्या हिशेबाने टिंब दिले होते; दोन स्वरांमध्ये सापडलेला तो वर्ण त्यांच्या वाचनात जवळजवळ विरघळून जातो, तेव्हा माझे नाव त्या घरात नेमके कसे वाचले गेले असेल कोण जाणे.

मजकुरात कुठेही 'प्रकृती उत्तम असेल' नव्हते. पहिलेच वाक्य असे की कालवडीने पुन्हा कुंपण मोडले. मग मोडलेले कुंपण कोणी बांधले, कोणी बांधायला हवे होते, आणि तो का आला नाही. मग पाऊस. मग केरीचा फुटबॉल संघ, ज्याच्यावर त्या घरच्या मुलावर चिडावे तशा चिडतात. वर्गात आम्ही 'मी होते', 'मी गेले' ही रूपे क्रियापद आणि सर्वनाम सुटे ठेवून शिकलो. त्यांच्या पत्रात 'वीस', 'खूस' अशी दक्षिणेकडची एकाच शब्दात मिटलेली रूपे, जी मी नाश्त्याच्या टेबलावर ऐकली होती पण कधी लिहिलेली पाहिली नव्हती. माझ्या बहिणीबद्दल त्यांनी एवढेच लिहिले की ती शहाणी दिसते. आणि शेवट? शेवटी 'आता थांबते' नव्हते. 'शिन ए मो श्केल', ही माझी गोष्ट, असे लिहून त्यांनी पत्र मिटवले होते. चुलीशेजारी बसून लोककथा सांगणारा कथेच्या अखेरीला हे म्हणतो, आणि कधी पुढे जोडतो की तिच्यात खोटे असेल तर असू दे. आपल्या कहाण्यांत 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' येते, तसे ते वाक्य. पोस्टकार्डांचा वारसा नसला म्हणून काय झाले, बाईंनी आपला समारोप थेट तोंडी परंपरेतून उचलला होता, आणि तोही कुठला विचार न करता.

ते पत्र वाचून आनंद झाला, आणि थोडे ओशाळल्यासारखेही वाटले.

ओशाळण्याचे कारण असे की बाईंचे इंग्रजी माझ्या आयरिशपेक्षा शंभर पटींनी चांगले आहे. मी फोन केला असता तर दोन मिनिटांत सगळे बोलून झाले असते. या भाषेत पत्र लिहिणे कोणाच्याही गरजेचे नाही, लिहिणाऱ्याच्या नाही आणि वाचणाऱ्याच्या तर नाहीच. २०२२च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजार निघाले, आणि त्यांतले गेल्टाख्तमध्ये राहणारे वीस हजारांच्या आसपास. घटनेनुसार ही देशाची पहिली राजभाषा. २००३च्या कायद्याने सरकारी कार्यालयाला आयरिशमध्ये पत्र लिहिले तर उत्तर आयरिशमध्येच मिळण्याचा हक्क आहे, आणि ते मिळतेही. माझ्या एका किरकोळ चौकशीला आले होते. व्याकरणशुद्ध, मुद्देसूद, आणि कुठल्याही गावचे नसलेले. त्या हक्काचे मोल मी कमी लेखत नाही. त्यासाठी माणसे वर्षानुवर्षे भांडली आहेत. पण कायदा कारकुनाकडून उत्तर मिळवून देऊ शकतो, मैत्रीण मिळवून देऊ शकत नाही. सत्तरीच्या बाईने गुडघा दुखत असताना वहीचा कागद फाडून माझ्यासारखीला उत्तर लिहावे, हे कुठल्याच कलमात बसत नाही. यात त्यांचा उदारपणा किती आणि येणाऱ्याजाणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलून बोलून लागलेली सवय किती, हे मी ठरवू शकत नाही. उन्हाळ्याच्या कमाईत विद्यार्थ्यांचा वाटा असतो हेही खरे आहे, आणि ते खरे असल्याने मला काही बिघडते असे वाटत नाही. आपल्याकडेही वारकऱ्याला भाकरी देणारी बाई त्याच रस्त्यावर चहाची टपरी चालवतेच.

पुढच्या आठवड्यात मी ते पत्र वर्गात नेले. शिकवणाऱ्या बाईंनी टिंबे पाहून ते बराच वेळ हातात धरले आणि मग फळ्यावर कालवडीचे वाक्य लिहून त्याची चिरफाड केली. व्याकरणाच्या पुस्तकातली दोन रूपे त्या एका वाक्यात होती आणि कुठल्याही सरावसंचात ती इतकी जवळ जवळ सापडणार नाहीत, असे त्या म्हणाल्या. परीक्षेसाठी कागदावरची वाक्ये मात्र पाठच ठेवा, हेही त्यांनी बजावले. तपासणाऱ्यासमोर वेळ थोडा असतो आणि पहिल्या तीन ओळी आपोआप उतरल्या तर हात सैल होतो. मला हे पटते. साच्याची थट्टा करणे सोपे आहे, पण साचा नसता तर मी ते पहिले पत्र सुरूच केले नसते.

त्यानंतर वर्गात एक नवे खूळ निघाले. शॉनला लिहायचे नाही, चिठ्ठ्या टाकून एकमेकांना लिहायचे, आणि खरोखर पोस्टात टाकायचे. माझ्या वाट्याला एक निवृत्त बसचालक आले. वर्गात ते तोंड उघडत नाहीत. त्यांची आई पश्चिमेकडच्या आयरिशभाषक कॉनमारा भागातली होती आणि तिने मुलांशी मुद्दाम इंग्रजीच बोलले, एवढे त्यांनी एकदा चहाच्या वेळी सांगितले होते. पत्रात त्यांनी मायना पश्चिमेकडचा घातला आहे, प्रकृतीची चौकशी पुरी केली आहे, आणि मग दीड पान शेजाऱ्याच्या कुत्र्यावर खर्च केले आहे. कुत्रा रात्री भुंकतो, शेजारी ऐकून घेत नाही, नगरपालिकेला दोनदा कळवले, आणि तेही आयरिशमध्ये, म्हणजे निदान उत्तर तरी येईल. ते आले, ते त्यांनी पत्रात उतरवून काढले आहे, आणि खाली लिहिले आहे की कुत्र्याला मात्र अजून कोणी कळवलेले नाही. हे वाचून मी मोठ्याने हसले आणि मग शब्दकोश उघडला, नेहमीचा क्रम उलटा करून. आता मला उत्तर लिहायचे आहे. कुत्र्याची बाजू घ्यावी, असा माझा विचार आहे.